वायरलेसवरचे दोन साहेब

सबस्टेशनच्या नोकरीत हातांना काम कमी, कानांना जास्त. त्यामुळे किस्से आपोआप साठतात. माझे बहुतेक वायरलेस सेटवरचे. नव्वदच्या आसपास मी असोद्याजवळ ऑपरेटर होतो. जळगावहून साहेब सेटवर एकदाच बोलायचे, ते सगळ्या सबस्टेशनांना ऐकू जायचं.

एकदा साहेबांचा आवाज आला, "संध्याकाळी प्रत्येकाने केळीचा एक घड घेऊन ऑफिसला या."

आम्ही सगळे गेलो. साहेब व्हरांड्यातल्या घडांकडे बघत राहिले. "मी कधी मागितले?"

"साहेब, तुमच्याच आवाजात मागितले."

शंका एकाच माणसावर. आमच्यातलेच, दुसऱ्या सबस्टेशनवरचे ऑपरेटर, धुळ्याकडचे नाना साहेबांचा खोकलासुद्धा हुबेहूब काढायचे.

* * *

साहेबांनी खुणेचा शब्द ठरवला आणि तो सेटवरूनच सांगितला. "बोलण्याआधी मी 'भरताचं वांगं' म्हणेन. म्हटलं नाही, तर तो मी नाही."

थोड्याच वेळात सेट बोलला, "भरताचं वांगं. उद्या सर्वांनी दाढी करून या."

* * *

मग साहेब जीपने फिरले आणि प्रत्येकाच्या कानात नवा शब्द सांगून आले. नानांच्याही.

नाना गंभीरपणे आपल्या अहिराणीत म्हणाले, "साहेब, शब्द बठ्ठासले एकच शे, मंग बठ्ठाच साहेब." बठ्ठा म्हणजे सगळे.

शेवटी नियम झाला, हुकूम आला की आधी साहेबांना फोन करून खात्री करायची.

* * *

एका दुपारी सेटवर साहेब ओरडले, "असोदा, लाइन बंद कर. भास्कर खांबावर चढलाय."

भास्कर आमचा लाइनमन. मी फोन उचलला, तर एंगेज. सगळी सबस्टेशनं एकदमच खात्री करत होती.

तेवढ्यात सेटवर नाना आपल्या खऱ्या आवाजात बोलले, "हाऊ मी नही. साहेबच शेतस. बंद कर."

मी स्विच पाडला. भास्कर धडधाकट खाली उतरला.

* * *

त्यानंतर फोनचा नियम आपोआप मोडला. साहेब हुकूम द्यायचे, आम्ही थांबायचो. नाना "हाऊ मी नही" म्हणाले, की कामाला लागायचो. साहेबही थांबायचे.

* * *

एकदा नाना माझ्याकडे चहाला आले होते. सेटवर साहेबांचा हुकूम आला. पाठोपाठ नानांचा आवाज आला, "हाऊ मी नही."

नाना माझ्यासमोर बसलेले. त्यांनी बशी खाली ठेवली, आधी सेटकडे आणि मग स्वतःकडे बोट केलं.

"आवाज ते मनाच शे," ते म्हणाले.