पापडाच्या डब्यातलं वायफाय

पेणमध्ये पोह्याचे पापड करणाऱ्या बायका पुष्कळ, पण सगुणाबाईंचा पापड भर आषाढातही मऊ पडत नाही. ती सगळी करामत त्यांच्या पत्र्याच्या डब्यांची. पापड असो, काडेपेटी असो की मिठागरावर जाणाऱ्या नवऱ्याचं, जनूभाऊंचं, आधार कार्ड, सादळणारी वस्तू घरात उघडी दिसली की ती डब्यात जाते आणि झाकणावर तळहाताची थाप बसते.

त्या आठवड्यात मात्र घराला वेगळाच घोर होता. लेकीला, दिपिकाला, मुंबईच्या एका ऑफिसात हिशेबाचं काम लागलं होतं. तिथल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "सोमवारच्या मीटिंगला बघू. नेट नीट चाललं तर घरूनच कर, नाहीतर पनवेलला खोली घे." ते ऐकून जनूभाऊंनी माळ्यावरची बॅग काढून दारामागे ठेवली. सगुणाबाई त्या बॅगेकडे न बघता केर काढायच्या.

राउटर खालच्या खोलीत, आणि त्याचं नेट वर दिपिकाच्या खोलीत पोचेना. मग दिपिकाने रोह्याला राहणाऱ्या अंतरा या कॉलेजातल्या मैत्रिणीकडून तिचा जुना राउटर आणला. रविवारी मायलेकींनी जिन्याच्या कडेने वायर वर नेली. दिपिका क्लिपा ठोकत होती, सगुणाबाई वायर धरून होत्या.

"आये, येवढी ताणू नको गो, तुटंल."

"सैल सोडली तर तुझा बाप अडकून पडंल."

"मी कशाला पडतोय?" जनूभाऊ खालून म्हणाले.

दुसरा राउटर जिन्याच्या माथ्यावर, फळीवर बसला. हिरवे दिवे लागले, आणि वरच्या खोलीत नेट असं धावायला लागलं की दिपिकाने आईला धरून एक गिरकीच घेतली.

सोमवारी सकाळपासून रिपरिप. दहाला मीटिंग सुरू झाली आणि मॅडमचा चेहरा अर्ध्या वाक्यात थिजला. दिपिका धावत जिन्याशी आली. फळीवर राउटर नव्हताच. होता तो पापडाचा डबा, आणि झाकणाच्या वाकवलेल्या कडेतून दोन वायरी आत गेलेल्या.

"आये, हे काय?"

"हवा बघ कशी हाय. सादळला असता नाय?" सगुणाबाई अगदी शांतपणे म्हणाल्या. "पापड काढून रिकामा केला, खास त्याच्यासाठी."

"पत्र्यातून नेट बाहेर येत नाय गो!"

सगुणाबाईंचं तोंड उतरलं. लेकीच्या आधी त्यांनीच झाकण उपटलं आणि राउटर फळीवर ठेवला. मॅडम पुन्हा बोलू लागल्या. काय झालं होतं, त्यांनी विचारलं. दिपिकाने खरं ते सांगितलं. पलीकडे सगळं ऑफिस हसलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "घरूनच कर. पण आईंना सांग, डबा पापडालाच ठेवा."

सगुणाबाई दाराशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्या जिना उतरल्या आणि बॅग उचलून त्यांनी नवऱ्याच्या हातात दिली.

"माळ्यावर टाका. आन आधी प्लास्टिकात गुंडाळा, सादळंल."