पिवळ्या फडक्यातला ट्रम्पेट

"तुम्हले समजाव नही, भो!" एवढं बोलून तो खिशातलं पिवळं फडकं काढायचा आणि ट्रम्पेट पुसू लागायचा. लोणखेड्याला परतल्यापासून त्याने एवढंच केलं. ट्रम्पेट आरशासारखा लख्ख, पण त्यातून एक सूर गावाने ऐकला असेल तर शपथ. असे बाहेर गाजलेले आणि घरात मुके पुरुष तुम्हीही पाहिले असतील.

कॉलेजात असताना तो पुण्यात फाटक्या पँटी घालून स्टेजवर किंचाळणाऱ्या पोरांच्या पंक बँडमध्ये होता. मग केस उतरवून लष्करी बँडमध्ये गेला. पेन्शन लागल्यावर मुंबईत सिनेमांना वाजवलं. मी त्याचा शेजारी, लग्नाच्या बँडचा मास्तर. माझ्या पोरांकडे बघून नाक मुरडायचा. "हाई काय वाजाडनं शे का? नुसतं फुकनं!"

त्याच्या आईने त्याला कधीच ऐकलं नव्हतं. मला विचारायची, "मास्तर, मन्हा पोऱ्या कसा वाजाडस हो?" एका सिनेमात आपण वाजवलंय असं त्याने सांगितलं, तर बिचारी शहाद्याला जाऊन थेटरात तीन तास बसून आली. "त्यामा तुन्हा आवाज कोनता रे?" तर म्हणे, "तुले समजाव नही, माय."

नातीच्या लग्नात तिने पदर पसरला. "एक गानं वाजाड रे भो."

"मी लगीनमा वाजाडत नही."

मग ती माझ्या बँडसमोर खुर्ची टाकून बसली. आमच्या ट्रम्पेटवाल्याकडे बघून म्हणाली, "हाऊ बी चांगला वाजाडस." त्या दिवशी तिच्या पोराच्या थोबाडीत मारावीशी वाटली मला.

गेल्या हिवाळ्यात म्हातारी गेली. आमच्याकडे पिकल्या माणसाला वाजतगाजत नेतात, म्हणून माझा बँड दारात उभा होता. एवढ्यात हा लष्करी कोट घालून बाहेर आला. माझ्या पोरांना हाताने थांबवलं, टाचा जुळवल्या आणि पलटणीची सलामी वाजवली. खोटं कशाला बोलू, इतका स्वच्छ सूर मला जन्मात काढता आला नाही. बाया रडल्या. मीही रडलो, आणि रडतारडता त्याचा भयंकर राग आला. तिरडीवर म्हातारीच्या नाकाकानांत कापूस घातलेला होता.

त्यालाही तो कापूस तेव्हाच दिसला असावा.

कोणीतरी म्हणालं, "चाला भो, उशीर व्हई ऱ्हायना." तो हलला नाही. गुडघ्यांवर बसला, तिच्या दोन्ही कानांतले बोळे काढले आणि पुन्हा पहिल्यापासून वाजवलं.