फाटकावरून पुढे जाणारे नूरसाहेब

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार. सिंदेवाही. सकाळपासून ढगाळ. शेजारी धानाची मळणी सुरू झाली, कोंडा ओट्यापर्यंत आला. संध्याकाळी साहेबांची स्कूटर तलावाच्या पाळीवर ताराबाईच्या जाळ्यात शिरली. गुडघा खरचटला. जाळं फाटलं.

एवढं लिहून आबिदाने पेनाला टोपण लावलं. उन्हाने डोळे दिपले, म्हणून जाळं दिसलं नाही, असं साहेब दोनदा सांगून चुकले होते. ऊन दिवसभरात पडलंच नव्हतं.

साहेब, म्हणजे आबिदाचे नवरे नूर मोहम्मद, हे इथल्याच बांगडीवाल्याचे चिरंजीव. लहानपणी बापाबरोबर मार्कंड्याच्या जत्रेत बसून काच न फोडता हातात बांगडी चढवायला शिकले. पुढे हवाईदलात गेले, जेट विमानं उडवली, आणि नोकरीची शेवटची वर्षं हैदराबादकडच्या तळावर नव्या वैमानिकांना शिकवण्यात काढली. तिथल्या क्वार्टरच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना आबिदाने विमानांचं उतरणं कितीदा तरी पाहिलं होतं. विमानं धावपट्टीवर उतरायची म्हणून येत आणि भरवेगात तिच्यावरून पुढेच निघून जात. मग पुढचं विमान एकदम डाव्या कुशीवर होई, त्याच्या मागोमाग दुसरं, मग तिसरं. त्या वळणातच वेग मरायचा. चाकं खाली यायची आणि गोल फिरून एकेक विमान अलगद टेकायचं.

“सरळ येऊन उतरायला काय होतं?” तिथे नवीन असताना तिने विचारलं होतं.

“सरळ येणारा लांबून रांगत येतो, बेगम. मध्येच इंजिन बंद पडलं तर तो कुणाच्या तरी शेतात. आमचं बंद पडलं तरी धावपट्टी खालीच. फक्त डाव्या खांद्यावरून तिच्यावरची नजर सोडायची नाही.”

निवृत्त होऊन गावी आले तरी माणसाची खोड गेली नाही. बाजारातून येताना स्कूटर जोरात फाटकावरून पुढे न्यायची, एकदा हॉर्न द्यायचा, पाळीपाशी डावीकडे वळायचं, मागच्या गल्लीने हळू येऊन फाटकात शिरायचं. हॉर्न ऐकला की आबिदा चहाचं आधण ठेवी. साहेब स्कूटर लावून आत येईतो चहा गाळून तयार.

गाव हसायचं. तलावाच्या बांधावर, पाळीवर, मासे धरायची जाळी वाळवणारी ताराबाई तर रोज म्हणायची, “साहेब, आजबी घर इसरले का जी?”

“घर नाही बाई, घाई विसरलो,” हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

जाळं फाटलं त्या दिवशी मात्र ती कमरेवर हात ठेवून फाटकात उभी राहिली. “एवढं मोठं जाळं काऊन नाई दिसलं तुमाले? मी आरडून राह्यली होती नं! उद्या माहा नातू बसला असता तिथी, मंग?”

साहेबांनी नवं जाळं घेऊन द्यायचं कबूल केलं.

आबिदाने त्यांना चंद्रपूरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसत होतं, कडेचं गेलं होतं, डाव्या बाजूचं जास्त. औषधाने उरलेलं टिकेल, गेलेलं परत येणार नाही. गाडी चालवू नका, असं डॉक्टर म्हणाले.

परतीच्या बसमध्ये साहेबांनी पुढच्या सीटवरच्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवलं. “बघ. बारीक अक्षरसुद्धा. आणि म्हणे गाडी चालवू नका!” त्या माणसाने पेपर घडी करून खिशात कोंबला.

घरी आल्यावर स्कूटरची किल्ली खुंटीला नेहमीसारखी लटकत होती. आबिदाने ती लपवली नाही. लपवली असती तर त्यांनी शोधून काढली असती आणि मग नुसता हट्ट उरला असता. तिने सुपारी कातरता कातरता विचारलं, “तो मेरठचा मुलगा आठवतो? चांगला उडवायचा म्हणायचात तुम्ही.”

“उत्तम उडवायचा.”

“मग का काढून टाकलंत त्याला?”

“वळायच्या आधी डावीकडे बघायचा नाही. सांगून, ओरडून झालं. पुढचा वळला की हा वळणार. काढलं तेव्हा माझे पाय धरले होते त्याने.”

“आणि बघूनही ज्याला डावीकडचं दिसत नाही, त्याला एकट्याला सोडलं असतंत?”

साहेब उठले आणि नमाजाआधी हातपाय धुवायला, वुज़ूला गेले. जाताना डावा खांदा दाराच्या चौकटीला लागला. आबिदाने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते बाजाराला निघाले. खुंटीपाशी थोडे रेंगाळले. किल्ली काढली, स्कूटरच्या डिकीतून पिशवी घेतली, डिकी बंद केली, आणि किल्ली आणून आबिदाच्या शिवणाच्या डब्यात टाकली. “पुतण्या आला की स्कूटर त्याला दे,” म्हणाले आणि पायी गेले.

संध्याकाळी फाटकाबाहेर खाकरल्याचा आवाज आला. आबिदाने खिडकीतून पाहिलं. साहेब फाटकावरून पुढे चालले होते, हातात पिशवी, मान डावीकडे पुरती वळवलेली. तिने सवयीने आधण ठेवलं.

पाळीवरून ताराबाई ओरडली, “आता पायीबी घर इसरले काय जी!”

ठरलेलं उत्तर ऐकू आलं, पण बऱ्याच उशिराने. मागच्या गल्लीने चपला हळूहळू वाजत आल्या. साहेब आत येऊन बसले, पहिला घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप रिकामा केला.

रात्री आबिदाने लिहिलं: चहा कढून कडू झाला. उद्यापासून आधण उशिरा ठेवावं.