दहा मिनिटं जास्तीची

नॉर्वेतल्या वॉस गावच्या दुकानात एरलिंग आजोबांच्या हातात दोन वेटोळ्या नळ्या होत्या, एक तांब्याची, एक स्टीलची. घरच्या बिअरसाठी उकळलेला सातूचा काढा गार करायला एक हवी होती.

“तांब्याची न्या, वीस मिनिटांत काम फत्ते! स्टीलला अर्धा तास लागतो,” दुकानदारीण म्हणाली.

आजोबांची तंद्री लागली. काढ्यात बुडवलेल्या नळीतून ओढ्याचं पाणी झुळझुळतंय, वाफेला जुनिपरच्या डहाळ्यांचा वास आहे. निवलेल्या काढ्यात यीस्ट घालताना गावच्या रिवाजाप्रमाणे भुतं पळवायला जोडीनं आरोळी ठोकायची, म्हणून एरवी मेंढ्यांमागे धावणारी त्यांची ब्रिता काढा निवेपर्यंत बाकावर टेकलीय, गुणगुणतेय.

“स्टीलचीच दे.”

“आजोबा, ती हळू आहे म्हटलं ना!”

“ऐकलं गं. बायको तेवढाच वेळ शेजारी बसते माझ्या.”