अप्पांनी मला अक्का म्हटलं

काल दवाखान्यात डॉक्टर माझ्या दिरांबद्दल म्हणाले, "यकृताच्या कॅन्सरमुळं रक्तात अमोनिया वाढलाय, म्हणून भ्रम होतोय. औषधानं उतरेल." आणि मला पन्नास वर्षांपूर्वीची सोलापूरची एक दुपार आठवली.

यकृताच्या कॅन्सरनं खंगलेले माझे अप्पा कोऱ्या चादरीवर उठून बसले होते. चादरीच्या सुताला अजून रंगाचा वास येत होता. माझा हात धरून ते कानडीत म्हणाले, "अक्का, आपल्या गावी, मैंदर्गीला जाऊ या." अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, केव्हाच वारलेली.

मी चिडले. "अप्पा, मी तुमची लेक हाय की!"

ते ओशाळले. आई हळूच म्हणाली, "व्हय म्हण की गं."

मी म्हटलं नाही. तीन दिवसांनी अप्पा गेले.

तेव्हा वाटलं, ते मला विसरले. आज वाटतं, त्या भ्रमातही, ज्या बहिणीनं त्यांना वाढवलं, तिच्या जागी त्यांनी मला बसवलं होतं.