सेल नसलेला माइक

आधीच सांगून टाकते, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात नवस नाही, उतारा नाही, काही नाही. त्यात माझं काम असं, की आवाज म्हणजे माझ्यासाठी करंट. माइकमधून निघतो, केबलमधून जातो, मीटरवर हिरवी पट्टी नाचते. नाही नाचली तर फॉल्ट शोधायचा... अगरबत्ती नाही लावायची.

मी एका वाहिनीत डिग्री अप्रेंटिस आहे. म्हणजे आठवड्यातले बहुतेक दिवस नोकरी, उरलेले कॉलेज आणि शेवटी ब्रॉडकास्ट इंजिनिअरिंगची डिग्री. नातेवाइकांना वाटतं, मी टीव्हीवर दिसते. दिसते ना – खांद्यावर केबलचं भेंडोळं घेऊन, व्हॅनच्या मागं.

उन्हाळ्याच्या तोंडावर मोसंबीच्या फळगळीवर लाइव्ह चर्चा ठरली आणि ती नेमकी आमच्याच गावात. कुंभार पिंपळगाव, तालुका घनसावंगी, बाजाराचं मैदान. बाजाराचा दिवस नव्हता, म्हणून मैदान मोकळं होतं. दुपारची वेळ. मंडप लागला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, माणसं अजून यायची होती. कॅमेऱ्याची पोरं चहाला गेलेली. व्हॅनमध्ये मी आणि आमचे इनचार्ज रफिकभाई, दोघंच.

त्या मैदानात उतरले तेव्हाच पप्पा आठवले होते. माझे पप्पा लाऊडस्पीकरवाले. लग्न असो, जयंती असो की निवडणूक, आसपासच्या गावांत माइक लावायचा तर पप्पांनाच बोलावणं. याच मैदानात त्यांनी किती वेळा कर्णे बांधले असतील. दोन वर्षांपूर्वी छातीत दुखायला लागलं आणि जालन्याला पोचायच्या आधीच सगळं संपलं. मी या कामाला लागले, हे त्यांना कळलंसुद्धा नाही.

आणि गंमत बघा... झाडून सगळ्या पुढाऱ्यांची भाषणं रेकॉर्ड करून देणाऱ्या या माणसाचा स्वतःचा आवाज कुठंच नाही. व्हॉइस मेसेज पाठवा म्हटलं तर म्हणायचे, "समोरून कोनी हूं म्हणत न्हाई, मंग बोलू कोनाशी?" फोटो आहेत, चेहरा आहे. आवाज मात्र मला आता नीट आठवत नाही. आठवायला बसलं की माझाच आवाज ऐकू येतो. फार वाईट वाटतं त्याचं.

तर, लाइव्हच्या आधी लाइन चेक करतात. मैदानावरचा आवाज व्हॅनमधून पुण्याच्या स्टुडिओत बराबर पोचतो का, ते बघायचं. मी हेडफोन लावून बसले होते. कॉर्डलेस माइक मंडपात टेबलावर होता, पण त्याचे सेल माझ्या खिशात – ऐनवेळी टाकू म्हणून. बाकीचे माइक अजून पेटीतच होते. तेवढ्यात पुण्याच्या स्टुडिओत लाइन तपासणाऱ्या मृण्मयी मॅडम फोनवर बोलल्या.

"छान येतोय गं ऑडिओ. काकांना सांग, झालं चेक."

"कोणते काका, मॅडम?"

"अगं, आत्ता बोलले ते. 'मागं बसलेल्या मायबायांनो, ऐकू येऊन राह्यलं का?' दोनदा विचारलं. गोड बोलतात."

मॅडम पक्क्या पुणेकर. 'येऊन राह्यलं' त्यांच्या तोंडून मी जन्मात ऐकलं नव्हतं. आणि ते वाक्य पप्पांचं होतं. प्रत्येक कार्यक्रमाआधी ते हेच विचारायचे. पुढच्या खुर्च्यांवरच्या साहेबलोकांना कधीच नाही – "त्यायला बिगर माइकचं बी ऐकू जातं," म्हणायचे.

मीटरकडं बघितलं. पट्टी मेलेली. हेडफोन बदलले, तरी शांत. रफिकभाई म्हणाले, "मैं तो इधरच बैठा हूं बेटा, कोई नै बोल्या." पळत जाऊन तो माइक उघडला. सेलची जागा रिकामी. गावातल्या कुणी मस्करी केली म्हणावं, तर कशातून? दुसऱ्या लाइनचा आवाज मिसळला का, तेही मॅडमनी बघितलं. दुसरी लाइन जोडलेलीच नव्हती. आणि रेकॉर्डिंग कार्यक्रमाबरोबर सुरू होतं, त्याआधीचं काहीच राहत नाही. मी तरीही विचारलं. नव्हतं.

कार्यक्रम झाला. मोसंबी का गळते, ते मला विचारू नका.

संध्याकाळी रफिकभाईंना घेऊन घरी जेवायला गेले. आई भाकरी करत होती. सांगू की नको, सांगू की नको... शेवटी सांगितलं. वाटलं, आता ही रडेल, नाहीतर मला वेड्यात काढेल. तिनं तव्यावरची भाकर उलटली आणि विचारलं, "मंग, त्यायला कोनी सांगितलं का, ऐकू येऊन राह्यलं म्हणून?"

कुठल्याही कार्यक्रमात मागच्या बायांत बसायची ती आईच. पप्पांनी विचारलं की ती हात वर करायची, मगच पुढचं सुरू व्हायचं.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. "सांगितलं ना," मॅडम म्हणाल्या. "म्हटलं, काका, अगदी स्पष्ट येतंय. 'बरं' म्हणाले आणि गप्प झाले."

"बरं झालं बाई," आई फोनकडं बघून म्हणाली आणि पुढची भाकरी थापायला घेतली. डोळे तिनं नंतर पुसले.

त्यानंतर मी ती सगळी जोडणी पुन्हा करून पाहिली, कॉलेजात सरांना विचारलं. कुणालाच कारण सांगता आलं नाही. खरं सांगू का... कारण नाही मिळालं, त्याचं मला एवढं काही नाही. मी अजूनही मॅडमना मधूनच विचारते, आवाज कसा होता हो? जाड होता का? दमलेला होता का? त्या बिचाऱ्या न कंटाळता सांगतात, "खालच्या पट्टीतला होता गं. जरा हसरा." हसरा होता, हे मी विसरूनच गेले होते.

मैदानातून निघालेला आवाज पुण्याला पोचला. मधे हेडफोन लावून मीच बसले होते. मलाच तेवढा ऐकू नाही आला.