नजर कुठे जाते

कारखान्यातल्या सूचनाफलकांकडे कामगारांचं लक्ष जातं का, हे तपासायला एकदा खास चष्मा आणला होता. घालणाऱ्याची नजर जाईल तिथे संगणकाच्या पडद्यावर लाल ठिपका दिसे. सुरक्षा विभागातला कारकून म्हणून नोंदी मी करत होतो.

पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेस मशीनवरच्या दत्तूभाऊंना तो घालायला दिला. समोरच ‘हात सांभाळा’ असा पिवळा फलक होता. अर्ध्या तासात ठिपका त्यावर एकदाही गेला नाही. मशीनच्या तोंडाशीच थरथरत राहिला.

“भाऊ, बोर्ड दिसला नाही का?” मी विचारलं.

“साहेब, काम लवकर व्हावं म्हणून तुम्ही लोकांनी हात आत जाऊ न देणारी पुढची जाळी काढलीत. आता बोर्ड वाचायला मान वर केली, तर हात आतच राहील.”

नजर कुठे जाते ते चष्म्याला कळत होतं. ती तिथून हलायला का भिते, ते नाही. मला मात्र कळलं होतं. तरी अहवालात मी ‘कामगारांचे फलकांकडे दुर्लक्ष’ असं लिहून सही केली.

पुढच्या आठवड्यात तिथे दुप्पट मोठा फलक लावला. शिडी दत्तूभाऊंनीच धरली होती.

“सरळ लागलाय ना, साहेब?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.